रोझेलची मावशी

दंतवैद्याकडे नंबर लागेपर्यंत हातात येईल ते मासिक चाळत बसायचे, हा अनुभव आपल्या सगळ्यांच्याच ओळखीचा. १८८० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर अशाच बसल्या होत्या. हाताशी लागले ते प्रिन्स्टनहून निघणारे एक मिशनरी मासिक. त्यात कोल्हापूरच्या एका पोस्ट कारकुनाचे पत्र छापलेले होते. आपल्या बायकोला शिकवायचे आहे, त्यासाठी अमेरिकेत काही सोय होईल का, अशी त्याने विचारणा केली होती. मासिकाचे संपादक वाइल्डर हे पूर्वी कोल्हापुरात मिशनरी होते. धर्मांतर केल्यास मार्ग सोपा होईल, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता.

कार्पेंटरबाईंना ते उत्तर रुचले नाही. घरी जाऊन त्यांनी त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. गरज पडली तर आमच्या घरी येऊन राहा, एवढेच सांगितले. त्यात अट कसलीच नव्हती.

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचे चरित्र आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. १८६५ चा जन्म, माहेरचे नाव यमुना, नवव्या वर्षी वीसेक वर्षांनी मोठ्या बिजवराशी लग्न, शिकवण्याच्या हट्टाने झपाटलेले गोपाळराव, चौदाव्या वर्षी झालेला आणि दहा दिवसांतच गेलेला मुलगा, आणि त्या दुःखातून घेतलेला डॉक्टर होण्याचा निर्णय. या कथेत गोपाळरावांना भरपूर जागा मिळते. ती मिळायलाही हवी, कारण त्यांच्याविना ही मुलगी उंबरठा ओलांडती ना. पण रोझेलच्या या बाईंचा उल्लेख मात्र दोन ओळींत संपतो, आणि हे मला नेहमी खटकत आले आहे.

पुढची तीन वर्षे दोघींची पत्रे चालू राहिली. गोपाळरावांची बदली भूजला झाली, मग कलकत्त्याकडे. पत्रे मागोमाग जात राहिली. कार्पेंटरबाई इथल्या रीतिरिवाजांबद्दल, बालविवाहाबद्दल, बायकांच्या स्थितीबद्दल विचारीत. आनंदीबाई मोकळेपणाने लिहीत आणि गरज वाटली तेथे वादही घालीत. कलकत्त्याला आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. डोकेदुखी, ताप, धाप. हे कळताच कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे धाडली. त्यांचा गुण आला नाही, ही गोष्ट वेगळी. पण ज्या मुलीला आपण एकदाही पाहिलेले नाही, तिच्यासाठी सातासमुद्रापार औषधाच्या बाटल्या पाठवणाऱ्या या बाईंना आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या, यात नवल नाही. आनंदीबाईंची सख्खी आई स्वभावाने कडक होती आणि तिचा मार त्यांनी लहानपणी खाल्ला होता. माय मरो पण मावशी जगो, असे म्हणणाऱ्या भाषेतली ही मुलगी हा शब्द सहज वापरणारी नव्हती.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या. नवरा बरोबर नव्हता, सोबतीला मिशनरी स्त्रिया होत्या. आपला पोशाख, आपले अन्न आणि आपला धर्म सोडणार नाही, असे त्या श्रीरामपूरच्या सभेत जाहीरपणे सांगून आल्या होत्या. बोटीवर त्याची किंमत लगेच मोजावी लागली. मांसाहारी खाण्यात त्यांना चालेल असे फारसे काही नव्हते. पुष्कळदा बटाट्यांवर भागवावे लागे. त्यात सोबतच्या बायांचा धर्मोपदेश. ४ जूनला बोट न्यूयॉर्कला लागली तेव्हा धक्क्यावर मावशी स्वतः उभ्या होत्या.

रोझेल हे लहानसे गाव, पण त्या वर्षी त्याचा मोठा डौल होता. त्याच जानेवारीत एडिसनने तेथे खांबांवरून तारा ओढून सबंध गावाला विजेचे दिवे दिले होते. ज्या घरांत आपल्याकडे समया आणि चिमण्या जळत, अशा घरातून आलेली अठरा वर्षांची मुलगी त्या उजेडात उतरली.

तो उन्हाळा हे मला आनंदीबाईंच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे पर्व वाटते. कार्पेंटरांच्या घरात मुले होती, पाहुण्यांची ये-जा होती. पाहुणी म्हणून हातावर हात ठेवून बसणे आनंदीबाईंना जमणारे नव्हते. त्या घरकामात हात लावू लागल्या, मुलांत रमल्या. त्यांच्या ताटात मांस येणार नाही, याची काळजी घरात घेतली जाई. एकदा तर त्यांनी स्वतः रांधून मावशींच्या मैत्रिणींना आपल्या पद्धतीचे जेवण घातले. खुर्च्या-टेबलांना सरावलेल्या त्या बायका मांडी घालून जेवायला बसल्या असतील, तेव्हा घरात केवढे हसणे झाले असेल!

नऊवारीचा प्रश्नही याच काळातला. लुगडे नेसले की पोटऱ्या उघड्या राहतात. थंडीच्या देशात ते चालायचे नाही. पाश्चात्त्य पोशाख घालायचा नाही हा शब्द दिलेला. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला आणि गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. पाय झाकले गेले आणि शब्दही पाळला गेला. पण त्याचा खुलासा नवऱ्याला पत्राने करावा लागला. गोपाळराव हे अजब रसायन होते. बायकोला त्यांनी परदेशी धाडले, आणि ती बदलेल या शंकेने त्यांची पत्रे टोमण्यांनी भरलेली असत. अभ्यासाच्या ओझ्यावर आनंदीबाईंना ते ओझेही वागवावे लागे.

सप्टेंबर संपता संपता मावशी त्यांना फिलाडेल्फियाला पोचवायला गेल्या. तेथील स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय १८५० मध्ये सुरू झालेले. डीन होत्या रेचल बोडली. तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली. पैशाचा प्रश्न बराचसा सुटला, पण राहण्याचा नाही. मिळालेल्या खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, विझवली तर हाडे गोठवणारी थंडी. दिवसभर व्याख्याने आणि शवविच्छेदन, आल्यावर एकटीचा स्वयंपाक. एकट्या माणसाचा स्वयंपाक कसा होतो हे ज्याने केला आहे त्यालाच ठाऊक. होतो तेव्हा होतो, नाहीतर अर्धपोटी निजायचे. शाकाहाराने त्यांना मारले असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तोच शाकाहार रोझेलला निभावत होता. फरक होता तो चूल दुसऱ्या कुणीतरी पेटती ठेवण्याचा.

आजारपण सुरू झाल्यावर बोडलीबाईंनी त्यांना आपल्या घरी नेले. बोडली या श्रद्धाळू ख्रिस्ती, पण त्यांनीही आनंदीबाईंना मायेने वागवले. सुट्ट्या आल्या की आनंदीबाईंचे पाय रोझेलकडे वळत. हिंदू स्त्रियांचे प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला. ११ मार्च १८८६ ला पदवीदान झाले. तेव्हा गोपाळराव अमेरिकेत आलेले होते आणि पंडिता रमाबाईही त्या सोहळ्याला हजर होत्या.

पुढचे सारे झपाट्याने घडले. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. क्षयाने पोखरलेली प्रकृती घेऊन आनंदीबाई त्याच वर्षी ऑक्टोबरात निघाल्या आणि नोव्हेंबरात मुंबईला उतरल्या. कोल्हापूरला रुजू होणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बावीस वर्षे पुरी व्हायला महिनाभर उरला होता.

गोपाळरावांबद्दल पुष्कळ वाईट बोलता येते, आणि मीही वर थोडे बोललोच. पण त्यानंतर त्यांनी जे केले, त्याने मन विरघळते. आपल्याकडे अस्थी गंगेला न्यायच्या, नाहीतर गोदावरीला. या कर्मठ घरातल्या माणसाने पत्नीची रक्षा बोटीने अमेरिकेला पाठवली. आनंदीबाईंचे माणूस तिथे आहे, हे त्यांना कळले होते.

मावशींनी ती आपल्या माहेरच्या कुळाच्या जागेत ठेवली. न्यूयॉर्क राज्यातील पुकिप्सी गावच्या दफनभूमीत, त्यांच्या माणसांच्या दगडांमध्ये, आनंदीबाई जोशी हे नाव कोरलेला एक दगड उभा आहे.