पंडिता रमाबाई : सेवेपूर्वीची विद्यार्थिदशा

दरवर्षी पी.यू.सी.चे व बारावीचे निकाल लागले, की आमच्या बेळगाव-निपाणी भागातील मंडळ्यांतून एक प्रश्न हमखास निघतो. एखादी मुलगी घरी सांगते, की तिला समाजकार्याचे शिक्षण घ्यायचे आहे. धारवाडला किंवा कोल्हापूरला जावे म्हणते. घरची वडील माणसे विचारात पडतात. सेवाच करायची, तर त्यासाठी इतकी वर्षे आणि इतका पैसा कशाला? अंतःकरणात प्रीती असली म्हणजे झाले. आम्हीही पूर्वी असेच म्हणत असू. पण पंडिता रमाबाईंचे चरित्र पुन्हा वाचताना आमचे मत बदलले, म्हणून ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. केडगावच्या मुक्ती मिशनची हकीगत आपल्याला ठाऊक असते. त्याआधी बाई किती शिकल्या, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. हे ठिकाण आजच्या कर्नाटकात आहे. घर मराठी आणि मुलूख कानडी, ही आपल्या सीमाभागातील स्थिती बाईंच्या पाळण्यापासूनची. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध जाऊन पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने ते आपल्या लेकीला दिले. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडले. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे गेली. उरलेली दोघे भावंडे पायी फिरत 1878 मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला. 1881 मध्ये मनोरमा जन्मली आणि 1882 च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले.

चोविसाव्या वर्षी विधवा, पदरी तान्ही मुलगी, आणि हाती संस्कृतचे पांडित्य. त्या पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांना शिकलेल्या शिक्षिका हव्यात आणि बायकांना बायका डॉक्टर हव्यात, अशी त्यांची मागणी होती. पण ही मागणी करताना त्यांना स्वतःचे उणेही दिसले. पुराण सांगता येते म्हणून आजारी बाईला औषध देता येत नाही. पदवी मिळालेल्या त्या पंडितेने पुन्हा विद्यार्थिनी व्हायचे ठरविले.

वैद्यकी शिकण्याच्या हेतूने 1883 मध्ये त्या मनोरमेला घेऊन विलायतेस निघाल्या. प्रवासखर्चासाठी त्यांचे स्वतःचे पुस्तक, स्त्रीधर्मनीति, उपयोगी पडले. वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. परंतु ज्या कामासाठी समुद्र ओलांडला ते काम मात्र झाले नाही. बाईंना ऐकू कमी येत असे, आणि या दोषामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला.

येथे आम्ही थोडे थांबतो. आपल्या घरातील मुलीला एका अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला नाही, की आपण लगेच म्हणतो, देवाची इच्छा नाही, घरी बैस. बाई घरी बसल्या नाहीत. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या हाताखाली बाई इंग्रजी, गणित व सृष्टिशास्त्र शिकल्या, आणि तेथेच संस्कृत शिकवीतही राहिल्या. बाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे काही धर्माधिकाऱ्यांचे मत पडले. बाईंना ते पटले नाही आणि त्यांनी ते नम्रपणे पण स्पष्ट कळविले. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्यांनी आपली विचारशक्ती कोणाकडे गहाण टाकली नव्हती.

1886 मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. हा समारंभ 11 मार्चला झाला. बाई थोड्या दिवसांसाठी गेल्या होत्या, पण जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. फ्रोबेल या जर्मन शिक्षकाची बालशिक्षणाची पद्धत तेथे चालू होती. खेळ, गाणी, मातीकाम व बागकाम यांतून लहान मुलाला शिकवायचे, ही ती रीत. महापंडित म्हणून गाजलेली ही बाई लहान मुलांच्या शिक्षिका तयार करणाऱ्या वर्गात जाऊन बसली. विधवेला भाकरी मिळवून देणारे आणि समाजालाही हवे असणारे काम कोणते, याचा शोध त्या घेत होत्या. शिक्षिकेचे काम तसे होते. तेथील शाळा व संस्था त्यांनी डोळसपणे पाहिल्या आणि गावोगावी व्याख्याने दिली. 1887 मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस बॉस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे साहाय्य देण्याचे पत्करले.

या तयारीनिशी त्या 1889 मध्ये परतल्या आणि 11 मार्चला मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढे ते पुण्यास नेले. तेथे शिकलेल्या गोदूबाई 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. त्याच वर्षी मुली ख्रिस्ती होत असल्याचा बोभाटा झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. सदन मात्र बंद पडले नाही.

1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ज्या बाईने स्वतः उपासमार सोसली होती तिला स्वस्थ बसवेना. तिने शेकडो मुली केडगावला आणल्या. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इतक्या जिवांचा संसार नुसत्या कळवळ्यावर चालत नाही. तेथे शाळा होती, शेती, दूधदुभते, विणकाम व छापखाना होता. मनोरमाबाई अंधांची ब्रेल लिपी शिकून आल्या आणि आंधळ्या मुलींचे शिक्षण सुरू झाले. 1912 मध्ये गुलबर्ग्यासही मुलींची शाळा निघाली. मनोरमाबाई तिच्या मुख्याध्यापिका होत्या.

उतारवयात बाई हिब्रू व ग्रीक शिकल्या, कारण साध्या बायांना समजेल असे मराठी पवित्र शास्त्र त्यांना करायचे होते. 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. हा घाव सोसून बाईंनी ते काम पुरे करीत आणले आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण देणारी आपल्या देशातील पहिली संस्था 1936 मध्ये मुंबईत निघाली. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे मिशनरी तिचे पहिले संचालक. आज जी वाट दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सापडते, ती रमाबाईंना तीन खंड हिंडून एकटीने शोधावी लागली.

निपाणीच्या तंबाखूच्या वखारी आणि घरोघर विड्या वळणाऱ्या बाया आपल्याला परक्या नाहीत. त्यांच्या मुलांसाठी बालवाडी चालवायची, थकलेल्या आईला तिच्या हक्काच्या योजनेचा अर्ज भरून द्यायचा, दारूने मोडलेल्या घरात शिरून बोलायचे, तेही कधी मराठीत तर कधी कानडीत, हे शिकल्याशिवाय येत नाही. न शिकता केलेल्या मदतीने गरिबाचे नुकसानही होते, हे आम्ही पाहिले आहे.

म्हणून आमची मंडळ्यांना विनंती आहे. यंदा एखादी मुलगी हा मार्ग निवडीत असेल, तर तिला अडवू नका. तिची पहिल्या वर्षाची फी मंडळीच्या निधीतून देता येईल काय, हे पुढच्या पंच कमिटीत विचारात घ्या. आणि तिला हवा तो प्रवेश मिळाला नाही, तर तिच्याजवळ बसून दुसरी वाट शोधा.