सरखेल कान्होजी आंग्रे : शिक्क्याच्या जोरावर समुद्र राखणारा दर्यावर्दी

कल्याण : दुर्गाडी किल्ल्यावर उभं राहून खाली बघितलं की आज पूल आणि गाड्यांची रांग दिसते. पण मराठी आरमाराची सुरुवात याच खाडीतून झाली. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि दोनच वर्षांत इथे जहाजबांधणीचं काम सुरू झालं. पोर्तुगीज कारागीर कामाला लावले होते. ते मध्येच सोडून गेले, पण काम काही थांबलं नाही.

या आरमाराचं सर्वात मोठं पद म्हणजे सरखेल. आजच्या भाषेत ॲडमिरल म्हणा. शब्द फारसीतला. सर म्हणजे प्रमुख आणि खेल म्हणजे तुकडी. हे पद ज्यांच्या नावाला कायमचं चिकटलं ते कान्होजी आंग्रे. ४ जुलै ही त्यांची पुण्यतिथी.

कान्होजींचा जन्म १६६९ चा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. पुण्याकडच्या अंगरवाडी गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी सुवर्णदुर्गावर चाकरीला होते, त्यामुळे पोरगा लहानपणापासून कोळी-भंडाऱ्यांच्या होड्यांत वाढला. वारा, भरती-ओहोटी, खडक हे सगळं तो तिथेच शिकला.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर स्वराज्यावर मोठं संकट आलं. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला गेले. कोकणातले किल्ले एकेकटे पडले. अशा काळात कान्होजींनी सुवर्णदुर्ग हातचा जाऊ दिला नाही. पुढे सिधोजी गुजर यांच्यानंतर, १६९८ च्या सुमारास, सरखेलपद त्यांच्याकडे आलं.

तेव्हा समुद्रावर परवान्याचं राज्य होतं. ठाणे आणि वसई पोर्तुगीजांकडे होती, मुंबई इंग्रजांकडे, जंजिरा सिद्दीकडे. कल्याणच्या खाडीतून निघालेल्या गलबताला समुद्र गाठायचा तर पोर्तुगीजांच्या नजरेखालूनच जावं लागे. त्यांचा परवाना नसला की माल जप्त. कान्होजींनी हाच डाव उलटा टाकला. मराठ्यांच्या किनाऱ्यावरून जायचं तर सरखेलांचं दस्तक घ्यायचं. नसेल तर जहाज धरलं जाईल. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, ते याच रागातून. १७१२ मध्ये तर मुंबईच्या गव्हर्नरची स्वतःची नौकाच त्यांच्या माणसांनी पकडली. दुसऱ्या वर्षी इंग्रजांना तह करावा लागला.

पण कान्होजींची खरी परीक्षा घरातच झाली. ताराबाई आणि शाहू महाराज यांच्या वादात ते ताराबाईंच्या बाजूने होते. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर पाठवलं, तर कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं. लोहगडही घेतला. सातारा काही फार लांब राहिला नव्हता. मग बाळाजी विश्वनाथ बोलणी करायला आले. १७१४ मध्ये समझोता झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं. त्यांचं सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडेच राहिले. मनात आणलं असतं तर ते वेगळं राज्य मांडू शकले असते. तसं त्यांनी केलं नाही.

सरखेलांच्या खांद्यावर पट्ट्या नव्हत्या. त्यांची ओळख म्हणजे त्यांचा शिक्का. त्या मुद्रेत आधी शाहू महाराजांचं नाव येतं, मग वडील तुकोजींचं, आणि त्यानंतर कान्होजी सरखेल हे नाव. आपलं पद कुणामुळे आहे, हे त्यांनी शिक्क्यातच कोरून ठेवलं होतं.

या शिक्क्याची किंमत इंग्रजांना लवकरच कळली. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याच्या काळात १७१७ मध्ये विजयदुर्गावर, १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२० मध्ये पुन्हा विजयदुर्गावर हल्ला झाला. तिन्ही वेळा हात हलवत परत. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले. सोबत कमोडोर थॉमस मॅथ्यूजची ब्रिटिश राजाची जहाजंही होती. कुलाबा पडला नाही. पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज माघारी गेले. हाच मॅथ्यूज पुढे ॲडमिरल झाला.

मोठ्या जहाजांपुढे कान्होजींची भिस्त गुराबा आणि गलबतांवर होती. वारा पडला की शिडाची मोठी जहाजं जागीच अडकत. इकडे वल्ह्यांची गलबतं तोफांची गुराब ओढत न्यायची आणि शत्रूच्या मागच्या बाजूने मारा व्हायचा.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजी गेले. अलिबागेत त्यांची समाधी आहे. थोरला मुलगा सेखोजी १७३३ मध्ये वारला आणि भावाभावांत जुंपली. १७३५ मध्ये वाटणी झाली. मानाजींना कुलाबा आणि वजारतमाब हा किताब, संभाजींना सुवर्णदुर्गाकडचा भाग आणि सरखेलपद. एका हातातलं आरमार दोन झालं. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचं फाटलं. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. चार मोहिमांत परक्यांना जे जमलं नाही, ते आपल्या भांडणाने करून दाखवलं.

आज नौदलाचा मुंबईतला तळ आयएनएस आंग्रे या नावाने ओळखला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये ॲडमिरल पदांच्या खांद्यावरच्या पट्ट्या बदलल्या. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन, त्यासोबत तलवार, दुर्बीण आणि तारे. रिअर ॲडमिरलला दोन तारे, व्हाईस ॲडमिरलला तीन आणि ॲडमिरलला चार.

म्हणजे कान्होजींच्या कागदावर असायचा तसा शिक्का आता खांद्यावर आला आहे. नौदलातून निवृत्त झालेली टी-८० ही नौकाही कल्याणच्या खाडीकिनारी आणली गेली. पुढच्या वेळी दुर्गाडीला देवीच्या दर्शनाला जाल, तेव्हा पोरांना घेऊन खाडीकडेही एकदा बघा. सरखेलांची गोष्ट तिथूनच सांगायला घेता येईल, आणि वाटणीचा भाग गाळू नका.