डी वाय बाय डी एक्स देणारा माणूस

एम-वनच्या पेपरमध्ये एक्स क्यूबचं डेरिव्हेटिव्ह विचारलं, तर आपण पेन न थांबवता थ्री एक्स स्क्वेअर लिहून मोकळे होतो. पॉवर पुढे आणायची, पॉवरमधून एक वजा करायचा, झालं! हा नियम ज्यांनी घडवला त्यांच्यापैकी एक जण तर गणिताचा पदवीधरही नव्हता. तो होता कायद्याचा डॉक्टर!

गॉटफ्रीड विल्हेल्म लायब्निझचा जन्म १ जुलै १६४६ चा, जर्मनीतल्या लाइपझिग शहरातला. वडील तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक होते, पण गॉटफ्रीड सहा वर्षांचा असतानाच ते वारले. मागे राहिली त्यांची लायब्ररी. त्या पुस्तकांत बसून हा मुलगा स्वतःच लॅटिन शिकला आणि चौदाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाला. पुढे लाइपझिगने त्याला कायद्याची डॉक्टरेट नाकारली. हा पठ्ठ्या सरळ दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि १६६७ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, डॉक्टर झाला.

१६७२ मध्ये राजकीय कामगिरीवर तो पॅरिसला गेला. तोपर्यंत त्याचं गणित बेताचंच होतं. तिथे त्याला ख्रिस्तियान हायगेन्ससारखा गुरू भेटला. हायगेन्सने त्याला एक सिरीज दिली: एक, अधिक एक तृतीयांश, अधिक एक षष्ठांश, अधिक एक दशांश... अशी अनंतापर्यंत. लायब्निझने प्रत्येक टर्म दोन संख्यांची वजाबाकी म्हणून लिहिली. मधलं सगळं कटत गेलं आणि उत्तर आलं दोन! बेरीज आणि वजाबाकी एकमेकींना उलटवतात, ही गोष्ट त्याच्या डोक्यात पक्की बसली. इंटिग्रेशन आणि डिफरन्सिएशनचं नातं तरी दुसरं काय आहे?

ऑक्टोबर १६७५ मध्ये त्याने बेरजेसाठी लांबट एस काढला. तेच आपलं इंटिग्रलचं चिन्ह. नोव्हेंबरमध्ये डी एक्स आला. आता त्याच्या पद्धतीने एक्स क्यूब पाहा. एक्स बाजूचा एक ठोकळा घ्या आणि प्रत्येक बाजू डी एक्सने वाढवा. तीन बाजूंवर तीन पातळ फरश्या बसतील, प्रत्येकीचं आकारमान एक्स स्क्वेअर गुणिले डी एक्स. कडांवरचे आणि कोपऱ्यातला तुकडा इतके बारीक की सोडून द्यायचे. उरतं काय? थ्री एक्स स्क्वेअर डी एक्स! म्हणजे पाठ केलेल्या नियमातला तो तीन या तीन फरश्यांचा आहे. पॉलिनॉमिअल कितीही लांब असलं तरी एकेक टर्म घेऊन हेच करायचं, आणि कॉन्स्टंट वाढतच नाही म्हणून त्याचा शून्य.

सगळं पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. गुणाकाराचं डिफरन्शिअल म्हणजे दोन डिफरन्शिअल्सचा नुसता गुणाकार असेल का, हा प्रश्न त्यालाही पडला होता. त्याने तपासून पाहिलं, ते चुकीचं निघालं, आणि मग खरा प्रॉडक्ट रूल सापडला.

ऑक्टोबर १६८४ मध्ये लाइपझिगच्या एका नियतकालिकात त्याचा जेमतेम सहा-सात पानांचा लेख छापून आला. बेरीज, गुणाकार, भागाकार, घात, मुळं, सगळ्यांचे नियम त्यात होते. सिद्धता मात्र नव्हत्या. बर्नोली बंधूंनी तो जिद्दीने समजून घेतला आणि कॅल्क्युलस युरोपभर पसरलं.

आता वादाचा भाग. न्यूटनने हीच गोष्ट आपल्या पद्धतीने १६६५-६६ मध्येच शोधली होती, पण छापली नव्हती. पुढे लायब्निझवर चोरीचा आरोप झाला. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे दाद मागितली, तर १७१२ मध्ये समिती नेमली गेली. सोसायटीचा अध्यक्ष कोण? खुद्द न्यूटन! अहवालही बराचसा त्यानेच लिहिला. निकाल काय लागला असेल, सांगायला नको. आज इतिहासकार मानतात की दोघांनीही स्वतंत्रपणेच शोध लावला.

या माणसाने गुणाकार-भागाकार करणारं यंत्र बनवलं, बायनरी पद्धतीवर लिहिलं, हार्झच्या खाणींतलं पाणी उपसायला पवनचक्क्या उभारल्या. पवनचक्क्यांचा प्रोजेक्ट साफ फसला, तरी त्याचं काम थांबलं नाही. मात्र शेवटची वर्षं वाईट गेली. त्याचा मालक १७१४ मध्ये इंग्लंडचा राजा झाला आणि याला हॅनोव्हरमध्येच घराण्याचा इतिहास लिहीत ठेवून गेला. १४ नोव्हेंबर १७१६ रोजी लायब्निझ वारला. अंत्यविधीला दरबारातलं कोणी आलं नाही, आणि पुढची पन्नासेक वर्षं त्याच्या कबरीवर नावसुद्धा नव्हतं.

इंग्लंडने मात्र हट्टाने न्यूटनची टिंबं चालू ठेवली आणि गणितात शंभर वर्षं मागे पडलं. शेवटी १८१२ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी मंडळ काढून डी एक्सचा आग्रह धरला. त्यातला एक होता चार्ल्स बॅबेज, पुढे कॉम्प्युटरचा आराखडा करणारा. समितीचा निकाल शेवटी आपल्यासारख्या पोरांनीच फिरवला!

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी डी वाय बाय डी एक्स लिहाल तेव्हा नुसती पॉवर पुढे आणू नका. त्या तीन फरश्या एकदा डोळ्यांसमोर आणा. नाव नसलेल्या त्या कबरीसाठी एवढं तर आपण करूच शकतो.