नापास झालेला प्राध्यापक

मागच्या सत्रात मी गणितात नापास झालो. त्या रविवारी घरी फोन केला तेव्हा आईला आधी मेसच्या जेवणाचं सांगितलं, मग परेडचं. गुणांचा विषय काढलाच नाही. त्याच आठवड्यात लायब्ररीत ए. ई. हाउसमन यांचं चरित्र हाती लागलं.

हाउसमन १८५९ साली इंग्लंडमधल्या वूस्टरशायरमध्ये जन्मले. शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेले. ग्रीक-लॅटिनच्या पहिल्या परीक्षेत प्रथम वर्ग, पण १८८१ च्या शेवटच्या परीक्षेत चक्क नापास! तिला इतिहास आणि तत्त्वज्ञान असे. यांनी ते बाजूला ठेवून प्रोपर्टियस या लॅटिन कवीत डोकं घातलं होतं. (आमचे सर याला अभ्यास म्हणाले नसते.)

पुढची दहा वर्षं त्यांनी लंडनच्या पेटंट ऑफिसात कारकुनी केली. संध्याकाळी ऑफिस सुटलं की ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय. जुन्या पोथ्या शेकडो वर्षं हातानं उतरवल्या गेल्या, त्यामुळे त्यांत चुका शिरल्या. कवीचा मूळ शब्द कोणता असेल, हे ते शोधत. त्यावरचे त्यांचे लेख विद्वानांच्या नियतकालिकांत छापून येऊ लागले.

१८९२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात लॅटिनच्या प्राध्यापकाची जागा निघाली. अर्जात त्यांनी आपलं ऑक्सफर्डचं अपयश स्वतःहून लिहिलं. इथे मी पुस्तक मिटलं. मी तर आईलाही सांगितलं नव्हतं. जागा त्यांनाच मिळाली. पुढच्या रविवारी मी फोनवर आधी गुण सांगितले.

१९११ पासून ते केंब्रिजला शिकवू लागले. ग्रहताऱ्यांवर लिहिणाऱ्या मानिलियस या कवीची पाच खंडांची आवृत्ती त्यांनी १९०३ ते १९३० या काळात काढली. इतर संपादकांच्या चुकांवर मात्र ते फार बोचरं लिहीत. ते मला आवडलं नाही.

ते स्वतः कवीही होते. त्यांचा १८९६ चा कवितासंग्रह पहिल्या महायुद्धात सैनिक जवळ बाळगत. त्यांचा सैनिक भाऊ हर्बर्ट १९०१ मध्ये बोअर युद्धात मारला गेला होता.

मे १९१४ मधली एक हकीकत आहे. वर्गात होरेसच्या एका कवितेतल्या शब्दाशब्दाची चिरफाड झाली. मग आज हिच्याकडे नुसती कविता म्हणून पाहू, असं ते म्हणाले. ती आधी लॅटिनमध्ये, मग आपल्या इंग्रजी अनुवादात वाचली आणि झटकन वर्गाबाहेर निघून गेले. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झालं.