चारशे क्रमांकाचे मांजर आणि एक डॉक्टर

उन्हाळ्यात तलावाचा गाळ काढून शेतात पसरणे आष्टी तालुक्याला नवे नाही. हलक्या जमिनीला असा गाळ म्हणजे सोनेच. मात्र पाणी वाहून गेले तरी त्यातले जड धातू गाळात बसून राहतात. हा धडा जगाला जपानमध्ये मिळाला आणि त्यात डॉ. हाजिमे होसोकावा यांचा मोठा वाटा होता.

त्यांचा जन्म १९०१ चा. मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावात चिस्सो या रसायन कंपनीच्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते. एप्रिल १९५६ मध्ये त्यांच्या रुग्णालयात पाच वर्षांची एक मुलगी आली. तिला नीट चालता-बोलता येत नव्हते. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आली. १ मे रोजी होसोकावांनी या अनोळखी आजाराची खबर सरकारी आरोग्य केंद्राला दिली. गावातली मांजरेही झटके येऊन मरत होती. माणसे आणि मांजरे, दोघांच्या खाण्यात खाडीतले मासे होते.

१९५९ मध्ये होसोकावांनी ४०० क्रमांकाच्या मांजराला कारखान्याचे सांडपाणी अन्नातून दिले. ऑक्टोबरमध्ये त्यालाही तीच लक्षणे दिसली. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. नोकरीत असलेले होसोकावाही तेव्हा जाहीरपणे बोलले नाहीत. पारामिश्रित सांडपाणी १९६८ पर्यंत वाहत राहिले. दरम्यान, १९६५ मध्ये आगानो नदीकाठी दुसऱ्या एका कारखान्यामुळे हाच आजार आढळला.

जुलै १९७० मध्ये कर्करोगाने अंथरुणाला खिळलेल्या होसोकावांनी रुग्णशय्येवरूनच न्यायालयासाठी साक्ष दिली आणि त्या मांजराची हकीकत सांगितली. ऑक्टोबरमध्ये ते गेले. १९७३ मध्ये निकाल रुग्णांच्या बाजूने लागला.

सांडपाणी थांबले, तरी खाडीच्या तळाशी पारा उरलाच. दर दहा लाख भागांत २५ पेक्षा जास्त पारा असलेला गाळ उपसून बंदिस्त करण्याचे काम १९७७ ते १९९० पर्यंत चालले.

आपल्याकडे शेतशिवारातून तलावात आलेल्या गाळाची सहसा भीती नसते. मात्र शहराच्या किंवा कारखान्यांच्या खालच्या अंगाला नदीत साचलेला गाळ शेतात टाकण्याआधी तपासून घ्यावा. नेहमीच्या जमीन आरोग्यपत्रिकेत शिसे, कॅडमियम आणि पारा यांची नोंद नसते. ही तपासणी प्रयोगशाळेकडे वेगळी मागावी लागते. गाळ एकदा मातीत मिसळला, की त्यातला धातू वेगळा काढता येत नाही.