वळूची निवड आणि मणिभाई देसाई

गाय एका वेळी बहुधा एकच वासरू देते. वळू मात्र गावातल्या अनेक वासरांचा बाप होतो. म्हणून कळप सुधारायचा तर आधी वळू पाहावा लागतो. हे शास्त्र महाराष्ट्रातल्या गोठ्यांपर्यंत नेणाऱ्यांत मणिभाई देसाई अग्रणी होते.

१९२० साली सुरत जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. १९४६ मध्ये गांधीजींनी पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले आणि मणिभाई तिथलेच झाले. आश्रमात त्यांनी गीर गायी जोपासल्या. १९६७ मध्ये ‘बाएफ’ संस्था उभारली. जर्सी, होल्स्टीन वळूंचे वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये जपून शेतकऱ्याच्या दारात नेले. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये ते गेले.

डॉक्टर म्हणून मला यात आणखी एक लाभ दिसतो. तपासलेल्या वळूचे वीर्य वापरल्यास ब्रुसेलोसिसचा धोका कमी होतो. हा रोग कच्च्या दुधातून किंवा गाय विताना वार हाताळल्याने माणसालाही जडतो; ताप आठवडेच्या आठवडे हटत नाही.

मात्र संकरित गाईला भरपूर चारा, पाणी, सावली लागते. ही सोय आणि दुधाला गिऱ्हाईक असेल, तर संकर परवडतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानबांधीत चिखल तुडवायला लहान चणीची, काटक कठाणी जातच बरी. बैल हवे असतील, तर वळूही कठाणीच निवडावा. चुकीची निवड कळेपर्यंत तीनेक वर्षे जातात, आणि गरिबाला ती परवडत नाहीत.