कॅटफिशच्या किडनीवर प्रबंध लिहिणाऱ्या बाई डीडीटीला नडल्या, त्याची गोष्ट

१९६२ साली अमेरिकेत 'सायलेंट स्प्रिंग' नावाचं पुस्तक आलं आणि कीटकनाशकं बनवणाऱ्या कंपन्यांची झोप उडाली. लेखिका होत्या रेचेल कार्सन. या पुस्तकातले पक्षी सगळ्यांच्या लक्षात राहिले. पण त्यात नद्यांमधल्या माशांवर एक अख्खं प्रकरण आहे, आणि मासे तर बाईंच्या अभ्यासाचा विषय.

जन्म १९०७ चा, पेनसिल्व्हेनियात नदीकाठच्या स्प्रिंगडेल गावातला. लेखिका व्हायचं म्हणून कॉलेजात गेल्या आणि मध्येच जीवशास्त्राकडे वळल्या. १९३२ मध्ये एमए केलं ते कॅटफिशच्या पिल्लात किडनी कशी घडते यावर. पीएचडी पैशांअभावी सुटली. १९३६ मध्ये सरकारी मत्स्य खात्यात लागल्या.

आता ते प्रकरण. कॅनडातली मिरामिची नदी म्हणजे सॅमनचं माहेरघर. १९५४ च्या जूनमध्ये जंगलातली कीड मारायला विमानांनी एकरी अर्धा पौंड डीडीटी फवारलं. दोन दिवसांत काठाला मेलेले मासे लागले. ऑगस्टपर्यंत त्या वर्षी जन्मलेलं सॅमनचं एकही पिल्लू सापडेना. तिथे १९५० पासून माशांची मोजणी सुरू होती, म्हणून हे कळलं तरी. नाहीतर कोणाला पत्ता लागला असता?

मासा मरतो कसा? पाणी कल्ल्यांतून जाताना डीडीटी रक्तात उतरतं. ते मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंदच होऊ देत नाही. मज्जातंतू एकसारखे संदेश सोडत राहतात, माशाला झटके येतात. थोड्या डोसातून मासा वाचला तरी विष चरबीत साठतं, तिथून अंड्यात उतरतं. शिवाय पाण्यातले किडे मेले की वाचलेली पिल्लं उपाशी.

पुस्तक लिहितानाच कार्सनना स्तनाचा कॅन्सर झाला होता. त्यांनी तो लपवला, कारण विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं असतं. बाईंनी सगळ्या कीटकनाशकांवर बंदी मागितली, असं आजही सांगितलं जातं. ते खोटं आहे. त्यांचा विरोध बेफाम फवारणीला होता. १९६३ मध्ये आजारी असतानाच त्या सिनेटच्या समितीपुढे बोलल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस मिसिसिपी नदीत मासे ढिगाने मेले. १९६४ च्या वसंतात तपासात एन्ड्रिन या कीटकनाशकाचं नाव पुढे आलं. १४ एप्रिलला कार्सन गेल्या. मिसिसिपीत सर्वाधिक मेलेला मासा होता कॅटफिश.